सुकाणूची डावी कड

“ज्या गावाला सरळ जाता येतं, त्या गावाला जगात कुणी थांबवू शकत नाही,” असं चिमणभाई म्हणाले आणि धरणाच्या काठावर जमलेल्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या संपायच्या आत आमची बोट उजवीकडे वळली आणि म्हशींच्यात जाऊन थांबली.

म्हशींनी मनावर घेतलं नाही. एकीने बोटीच्या नाकाचा वास घेतला, दुसरीने तोंड फिरवलं. चिमणभाई बोटीत नारळ हातात धरून उभे होते. त्यांनी तो तिथेच फोडला आणि पाणी म्हशींच्या दिशेने शिंपडलं, म्हणजे हा कार्यक्रमाचाच भाग आहे असं पाहुण्यांना वाटावं. पाहुण्यांना तसं वाटलंही. दोघातिघांनी फोटो काढले.

चिमणभाई हे झरीतले किराणा दुकानदार आणि आमच्या जलविहार समितीचे अध्यक्ष. समितीत चार पाड्यांची चार माणसं आणि पाचवा मी, सल्लागार. मी राहतो डहाणूला, चिकूच्या वाडीत. पाण्याशी माझा संबंध अंघोळीपुरता. पण एकदा झरीला चिमणभाईंच्या दुकानात टेकलो असताना “यंदा धरणाला पाणी बरं दिसतंय” एवढं बोलून गेलो. तेवढ्यावर माझी नेमणूक झाली. सल्लागाराला काम नसतं, सल्ला कुणी विचारत नाही आणि चहा पहिला मिळतो. निवृत्तीनंतर याहून चांगली जागा मला कुणी देऊ केलेली नाही.

बोट दमणहून आली होती. तिथल्या एका हॉटेलवाल्याने ती विकायला काढली होती. का काढली, ते आम्ही विचारलं नाही. विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं आणि मग आम्हाला ती घेता आली नसती. स्कीबोट म्हणजे पायाला फळ्या बांधलेल्या माणसाला दोरीने पाण्यावरून ओढत नेणारी बोट. हे सुकऱ्याबाबांना समजावायला एक अख्खी बैठक गेली. सुकऱ्याबाबा समितीतले सगळ्यात म्हातारे सभासद, डोंगराकडच्या पाड्यावर भात आणि नागली करतात आणि अजून स्वतः नांगर धरतात.

“म्हंजे ओढणार बोट,” ते म्हणाले.

“हो.”

“आणि पैसे देणार जो ओढला जातो तो?”

“हो बाबा.”

“मग माझे बैल आजवर फसलेच म्हणायचे.”

बोट चालवणार होती हिराबाई. ही झरी ते तलासरी टमटम चालवायची. पाठीमागे दहा माणसं, दोन बकऱ्या, पुढे शाळेची दप्तरं, आणि तोंडाने अखंड बडबड, अशी तिची गाडी. आमच्याकडे इंजिनाला न घाबरणारी तीच एक, म्हणून समितीने तिला दमणला पाठवून बोट शिकवून आणली. तिने टमटम विकली आणि तलासरीच्या स्टँडवरचा आपला नंबर सोडला. स्टँडवरचा नंबर सोडणं सोपं असतं. परत मिळवायचा तर आधीच्या माणसाने धंदा सोडावा लागतो किंवा जग सोडावं लागतं.

आता खरी गोष्ट अशी होती की येत्या रविवारी वापीच्या एका स्की-क्लबच्या रुचिका मॅडम बोट बघायला येणार होत्या. पाण्यावर नारिंगी गोळ्यांच्या दोन ओळी सोडायच्या, त्यांच्या मधून बोट दोरी ताणल्यासारखी सरळ न्यायची, मागे फळ्यांवरचा माणूस डावीउजवीकडे झोकांड्या घेत जाणार. एवढं जमलं तर हिवाळाभर दर शनिवार-रविवार क्लबचा सराव आमच्या धरणात. नाही जमलं तर क्लब बोट तेवढी भाड्याने घेणार आणि ड्रायव्हर स्वतःचा आणणार. म्हणजे समितीचं दोन्हीकडून ठीक होतं. हिराबाई मात्र ना टमटमची राहिली असती ना बोटीची.

हे सगळ्यांना माहीत होतं. म्हणून सगळ्यांनी बोट सुधारायची जबाबदारी घेतली.

म्हशींमधून बोट सोडवून काठावर ट्रॉलीवर चढवली तेव्हा हिराबाई मनगट चोळत खाली उतरली.

“उजवीकडे ओढते,” ती म्हणाली. “दोन्ही हातांनी धरली तरी ओढते. दारूच्या गुत्त्याकडे नवरा ओढतो तशी.”

“मग तू नवऱ्याला कसं आणतेस?” बुधीबाईंनी विचारलं. बुधीबाई धरणकाठच्या पाड्याच्या सभासद. मासे पकडतात, एरवी बोलत नाहीत.

“सोडून देते. परत येतो. बोट परत येत नाही, म्हशीत जाते.”

बोटीच्या पोटाखाली, पंख्याच्या मागे, पितळेचं एक पान उभं असतं. तळहाताहून थोडं मोठं. तेच सुकाणू. पंखा कायम एकाच बाजूने फिरतो, त्यामुळे पाणी त्या पानावर सरळ येत नाही, तिरकं येऊन आदळतं आणि स्टिअरिंग एका अंगाला ओढू लागतं. उपाय सोपा. पानाच्या मागच्या कडेला, एका बाजूने, थोडी कानस मारायची. ही माहिती आम्हाला मोबाईलवर एका गोऱ्या माणसाने दिली. तो फार सावकाश बोलत होता आणि बोटीवरून प्रेमाने हात फिरवत होता. कानस नेमकी कुठल्या बाजूने मारायची हे तो सांगणार तेवढ्यात आमचा फोन गुजरातच्या टॉवरवर गेला आणि पडद्यावर चक्र फिरायला लागलं. ते अजून फिरत असेल.

“त्यात काय बघायचंय?” मिथुन म्हणाला. हा चौथा सभासद, अच्छाडच्या नाक्यावर ट्रकांचं गॅरेज आहे त्याचं. “गाडी उजवीकडे ओढते म्हणजे लफडं उजव्या चाकात. उजवी बाजू घासायची. माझ्याकडे रोज केरळपासून पंजाबपर्यंतचे ट्रक येतात. सगळ्यांचं हेच.”

“बैल उजवीकडे कधी जातात?” सुकऱ्याबाबांनी विचारलं.

“बाबा, इथे बैल नाहीत.”

“तू सांग तर. डावा बैल जोरात असला की जोडी उजवीकडे जाते. मग कासरा कुणाचा खेचायचा? डाव्याचा. डावी बाजू घास.”

“बोटीला डावा बैल कुठला?”

“आणि चाक कुठलं?”

मिथुनने काळा चष्मा डोळ्यांवर चढवला आणि कानस हातात घेतली. अध्यक्षांनी निर्णय दिला. “हत्यार ज्याचं त्याची बाजू आधी. नंतर बाबांची. चालसे?”

चालसे, असं सगळे म्हणाले. मीही म्हणालो. सल्लागाराने एवढं करायलाच हवं.

मिथुन ट्रॉलीखाली पाठीवर झोपला आणि सुकाणूच्या उजव्या कडेला कानस मारू लागला. पितळेचा भुगा त्याच्या मिशीवर पडून मिशी सोनेरी झाली. मग बोट पाण्यात सोडली. ती या खेपेला म्हशींकडे पूर्वीपेक्षा जास्त आवडीने गेली. म्हशींनी ओळख दाखवली.

“बैल,” सुकऱ्याबाबा एवढंच म्हणाले आणि बिडी पेटवली.

मग डावी कड. इथून पुढे काम सुरळीत चाललं, कारण डावी कड हीच खरी होती. बाबा बरोबर होते. ते का बरोबर होते हे मात्र आम्ही विचारलं नाही. विचारलं असतं तर बैलांची नावं ऐकावी लागली असती.

आता एक पद्धत सांगायला हवी. आमच्या या चार पाड्यांमध्ये एका पाड्याच्या शब्दावर दुसरा पाडा विश्वास ठेवत नाही. भांडण नाही, नुसती पद्धत. नवी विहीर लागली की प्रत्येक पाड्याचं एक माणूस ओंजळभर पाणी पिऊन जातं. तिघांनी गोड म्हटलं तरी चौथा पितोच. आपल्या पाड्याच्या जिभेला लागलं पाहिजे. तसंच सुकाणूचं. मिथुनने दोनचार हात कानस मारली की बोट पाण्यात, आणि बोटीत समिती. पूर्ण समिती. हॉटेलवाल्याने मागे दोन्ही अंगांना लांब बाक बसवून घेतले होते, त्यामुळे जागेची अडचण नव्हती. चिमणभाई उजव्या बाकावर बसायचे, कारण हिराबाईची ड्रायव्हरची जागा उजवीकडे आणि अध्यक्षाने ड्रायव्हरजवळ असावं. चिमणभाईंच्या मांडीवर दुकानातल्या गाठियांचं पुडकं असायचं. म्हणून आम्ही बाकीचेही उजव्या बाकावर बसायचो. डावा बाक रिकामा. त्याच्यावर कधीमधी मिथुनची चप्पल असायची.

एक फेरी, एक पुडकं, परत काठावर, परत कानस. बुधवारपासून शनिवारपर्यंत आम्ही बरेच गाठिये खाल्ले आणि बरीच डावी कड खाल्ली. शनिवारी दुपारी बोट सुटली ती धरणाच्या पार भिंतीपर्यंत अशी सरळ गेली की चिमणभाईंनी घास तोंडाशी नेलेला तसाच धरला.

“हिरू, हात सोड,” ते म्हणाले.

हिराबाईने हात सोडले. बोट सरळ.

“मला बघू,” मिथुन म्हणाला, आणि एका बोटाने स्टिअरिंग धरून दाखवलं. मग सुकऱ्याबाबांनी करंगळीने. मग मी. मला वयोमानाने पूर्ण तळहात लागला, पण भावना तीच. बुधीबाईंनी स्टिअरिंगला हातच लावला नाही. नुसतं बघितलं आणि म्हणाल्या, “व्हय.” चौथ्या पाड्याचीही मान्यता झाली.

“ठराव करू,” चिमणभाई म्हणाले. “सुकाणू सर्वांना पसंत. यापुढे कुणी कानस लावायची नाही.”

“मला पसंत नाही,” हिराबाई म्हणाली.

बोट भिंतीपाशी हेलकावे खात उभी होती. सगळे तिच्याकडे बघू लागले. घरी स्वयंपाक चांगला झालाय असं सगळ्यांनी म्हणावं आणि स्वयंपाकघरातूनच कुणीतरी नाही म्हणावं, तसं झालं.

“अगं, एका बोटाने फिरते,” चिमणभाई म्हणाले.

“तेच. फिरते, पण बोलत नाही. हात मोकळा पडतो. टमटमचं हँडल कसं, जरा एका अंगाला ओढून असतं. मग हाताला कळतं, आता खड्डा आला, आता मागची माणसं एका बाजूला सरकली. हे स्टिअरिंग सासरी नव्या आलेल्या सुनेसारखं झालंय. काहीही सांगा, हो म्हणतं. मनात काय चाललंय कळायला मार्ग नाही.”

“मग काय, पहिल्यासारखं मनगट मोडणारं हवं?” मिथुन चिडला. चार दिवस तो पाठीवर झोपला होता.

“पहिल्यासारखं नको. थोडं. हातात हात धरल्यासारखं. मागे तो माणूस दोरीने झोके घेणार, बोटीला हिसके देणार. ओढ असली की मी टेकून राहीन. काहीच नसलं तर मी टेकू कशाला?”

“मावशी, लोक पैसे भरून स्टिअरिंग हलकं करून घेतात.”

“लोक भरू देत.”

“काका, तुम्ही सांगा,” चिमणभाई माझ्याकडे वळले. इतक्या महिन्यांत मला पहिल्यांदा सल्ला विचारला गेला होता, तेव्हा मी घाईने आणि चुकीचा दिला. मी म्हणालो, “बहुमताने जाऊ.”

बहुमताने गेलो. हिराबाईने खांदे उडवले आणि बोट काठाला आणून लावली. ती रागावली नव्हती. ती रागावली की बडबड थांबते आणि तेव्हा ती बोलत होती. पण ती जे बोलत होती ते समितीविषयी होतं आणि ते इथे लिहिण्यात अर्थ नाही.

रविवारी सकाळी रुचिका मॅडम आल्या. बारीक, उन्हाने रापलेल्या, मराठी-हिंदी-गुजराती तिन्ही एका वाक्यात बोलणाऱ्या. बरोबर क्लबचा एक उंच ड्रायव्हर, त्याचा चष्मा मिथुनच्या चष्म्याहून काळा. आणि फळ्यांवर उभं राहायला वापीचे एक दंतवैद्य. वजनदार माणूस, पण आनंदी. पाण्यावर नारिंगी गोळे सोडून झाले. उजवीकडे म्हशी होत्या, त्यांना हाकलायचा ठराव नव्हता. डावीकडे बुधीबाईंची जाळी बांबूंना बांधलेली.

चिमणभाई गाठियांचं नवीन पुडकं घेऊन बोटीत चढायला लागले.

“आप नहीं,” रुचिका मॅडम म्हणाल्या. “ट्रायलला फक्त ड्रायव्हर आणि मी. मी मधे बसून मागे बघणार. बाकी सगळे काठावर.”

समिती काठावर राहिली. बोट सुधारल्यापासून आम्ही ती पहिल्यांदाच बाहेरून बघत होतो. फार देखणी दिसत होती. हिराबाईने इंजिन चालू केलं, दंतवैद्यांनी दोरी पकडली, बोटीने उसळी घेतली, दंतवैद्य पाण्यातून बाहेर आले. मिथुनने माझा दंड धरला.

“बघा आता. सरळ. एका बोटाने.”

बोट डावीकडे गेली.

थोडीथोडकी नाही. नारिंगी गोळ्यांची पहिली जोडी बाजूला टाकून ती सरळ बुधीबाईंच्या जाळ्यांकडे निघाली. हिराबाई स्टिअरिंगवर अक्षरशः ओणवी झाली होती. शेवटच्या घटकेला तिने वेग तोडला. दंतवैद्य दोरी सोडून जाळ्यात गेले आणि हसत बाहेर आले. बुधीबाई हसल्या नाहीत.

“डावी?” मिथुन म्हणाला. “डावी कशी?”

“काल उजवा बैल झोपला असेल,” सुकऱ्याबाबा म्हणाले.

बोट काठाला लागली. रुचिका मॅडमनी नाराजी दाखवली नाही, हे जास्त वाईट होतं. त्या शांतपणे म्हणाल्या, “हिराबाई, एक बार हमारे ड्रायव्हरला बघू दे. प्रॉब्लेम बोटीचा की हाताचा, कळेल.”

हिराबाई उतरली. उंच ड्रायव्हर चढला. मला तलासरीचा स्टँड दिसत होता, टमटमांची रांग, आणि त्या रांगेत हिराबाईची जागा नव्हती. चिमणभाईंनी पुडकं सोडून सगळ्यांना गाठिये दिले. वाईट वेळी माणसाने काहीतरी वाटावं, या हेतूने. कुणी खाल्ले नाहीत. खाल्ले तर कडू लागतील अशी भीती होती.

उंच ड्रायव्हरने बोट मोठ्या ऐटीत काढली आणि मोठ्या ऐटीत जाळ्यांत घातली. दंतवैद्य या वेळी आधीच दोरी सोडून बसले होते.

“मॅडम, खराब रडर,” तो परत येऊन म्हणाला. “ये किसी से नहीं चलेगी.”

हे ऐकून हिराबाईचा आत्मविश्वास परत आला. ती बोटीकडे बघत नव्हती. ती आमच्याकडे बघत होती. आम्ही ओळीने उभे होतो. आधी चिमणभाई, मग मिथुन, मग बुधीबाई, सुकऱ्याबाबा आणि शेवटी मी, पुडक्याभोवती, शनिवारी होतो त्याच क्रमाने. फक्त आमच्याखाली बाक नव्हता.

“अरे देवा,” हिराबाई म्हणाली. मग ती हसायला लागली. “चिमणभाई, तुम्ही चार दिवस कुठे बसला होता?”

“मी? तुझ्यामागे.”

“आणि हे सगळे?”

“माझ्याजवळ.”

“डाव्या बाकावर कोण होतं?”

मिथुनने मान खाली घातली. “माझी चप्पल.”

“म्हणजे सगळी समिती उजव्या अंगाला, बोट उजवीकडे कललेली, आणि तुम्ही ती सरळ जाईपर्यंत डावी कड घासत बसलात. सुकाणू बोटीला नाही लावलंत. समितीला लावलंत.”

सुकऱ्याबाबांनी बिडी कानामागे ठेवली. मी धरणाच्या पातळीकडे बघितलं. यंदा पाणी खरंच बरं होतं.

“तो अब?” रुचिका मॅडमनी घड्याळ बघितलं. “हिराबाई, मी पुढच्या रविवारी नाही येऊ शकत. दुसऱ्या धरणावर बघायला जायचंय.”

“पुढचा रविवार कशाला?” हिराबाई म्हणाली. “समिती आहे ना इथे. चला, चढा. उजव्या बाकावर. ज्याची जागा त्याची.”

“इतने लोग?”

“मॅडम, लोक नाहीत. वजन आहे.”

आम्ही चढलो. चार दिवसांचा सराव होता, चढताना कुणी अडखळलं नाही. हिराबाईने इंजिन चालू करून काठाजवळच एक छोटी फेरी मारली, हात हलके ठेवून. मग थांबली आणि मागे वळली.

“सगळे बसले की हात मोकळा पडतो. कुणीच नसलं की डावीकडे फेकते. माझं काम मधलं आहे. एक माणूस उतरा.”

“अध्यक्ष उतरला तर चालेल?” चिमणभाई उदारपणे म्हणाले.

“तुम्ही उतरलात तर दोन माणसं उतरल्यासारखं व्हईल,” बुधीबाई म्हणाल्या.

“मिथुन?”

“मिथुन हवा. त्याचं वजन खरं आहे.” हिराबाईची नजर बाकावरून सरकत सरकत शेवटाला आली. “काका, तुम्ही उतरा.”

“मी सल्लागार आहे.”

“म्हणूनच. तुम्ही उतरलात तर थोडंच कमी होईल.”

मी उतरलो. माझ्या वजनाचा सार्वजनिक हिताला झालेला हा पहिला उपयोग, आणि तोही नसण्याने. पण त्यामुळे पुढचं सगळं मला काठावरून नीट दिसलं, ते बोटीतल्या कुणाला दिसलं नाही.

बोट निघाली. जड होती म्हणून आधी जरा नाक वर करून रेंगाळली, मग बसली आणि सुटली. हिराबाईने दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले होते, आणि ते हात बघून कळत होतं की आता तिला काहीतरी मिळालंय. हाताला हात लागला होता. किंचित डावी ओढ, तिला किंचित उजवा टेकू. गोळ्यांची पहिली जोडी बरोबर मधून गेली. दंतवैद्यांनी उजवीकडे झोका घेतला, दोरी ताणली, बोटीच्या शेपटाला हिसका बसला, आणि हिसका बसायच्या आत तिचं मनगट हललं होतं. डावीकडे झोका. मनगट परत. दुसरी जोडी, तिसरी, पुढच्या सगळ्या. बोटीमागे पडलेली पांढरी रेघ पट्टी ठेवून काढल्यासारखी होती. लाटा मोठ्या उठत होत्या, कारण चिमणभाई बोटीत होते, पण त्या लाटाही सरळ होत्या. शेवटच्या गोळ्यांपलीकडे दंतवैद्य दोरीवर एका हाताने लटकून दुसरा हात हलवत होते. म्हशी सगळ्या एकाच बाजूला तोंड करून बघत होत्या.

परत येतानाही तसंच. काठाला लागताना हिराबाईने बोट अशी टेकवली की सुकऱ्याबाबांच्या बिडीची राखसुद्धा पडली नाही.

उंच ड्रायव्हरने चष्मा काढला. “मॅडम, यह कर सकती है,” तो म्हणाला, आणि मला तो माणूस आवडला.

रुचिका मॅडम उतरल्या. “हिराबाई, तुम्हीच. पण हे वजन दर रविवारी नाही चालणार. डॉक्टरसाहेब लाटांवर उड्या मारत होते.”

“वजनाची सोय करते,” हिराबाई म्हणाली. “मिथुन, कानस.”

बोट ट्रॉलीवर चढली. मिथुन पाठीवर झोपला. या खेपेला उजवी कड, दोन हात. बोट पाण्यात, बोटीत एकटी हिराबाई. फेरी. परत ट्रॉली, परत दोन हात. फेरी. समितीचा कुणीही जवळ जाऊ नये म्हणून बुधीबाई वल्हं घेऊन उभ्या होत्या. पाड्यांच्या इतिहासात प्रथमच एका माणसाने चाखलेलं चार पाड्यांनी मान्य केलं. शेवटी हिराबाई पाण्यातून ओरडली, “बस! हात लावू नका आता! बोलायला लागली!”

सुकाणूचं पान दोन्हीकडून झिजून जरा बारीक झालं होतं, पण काम तेवढ्यानेच होतं. क्लबचा हिवाळा ठरला. शनिवार-रविवार, ड्रायव्हर हिराबाई. रुचिका मॅडमनी तसं सगळ्यांसमोर सांगितलं. चिमणभाई पुढे झाले. घसा साफ केला. माझ्या लक्षात आलं की भाषण येतंय आणि ते थांबवण्याचा अधिकार सल्लागाराला नाही.

“आज झरीने जगाला दाखवून दिलं,” चिमणभाई म्हणाले, “की दिशा बाहेरून येत नाही. दिशा आतून येते. योग्य नेतृत्व, योग्य सुकाणू आणि योग्य जागी बसलेली माणसं, ही तीन असली की...”

“एक मिनिट,” रुचिका मॅडम मधेच म्हणाल्या. “सॉरी भाई. हिराबाई, तुम्ही सांगा. सीझन लंबा आहे. तुमची काही मागणी? मोकळेपणी बोला. अभी बोलने का टाइम है.”

चिमणभाई थांबले. मिथुन काळजीत पडला, ती नवीन इंजिन मागेल की काय. मला वाटत होतं ती मदतनीस मागेल, विमा मागेल, समिती बरखास्त करायला सांगेल. सुकऱ्याबाबा म्हणाले, “माग पोरी, माग.”

हिराबाई जरा लाजली. पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

“बाकी काही नाही मॅडम,” ती म्हणाली. “बसायला खाली एक उशी मिळाली तर बघा. सीट फार खोल आहे. बोटीच्या नाकापलीकडचे गोळे मला दिसतच नाहीत. पलीकडच्या काठावरचा ताड तेवढा दिसतो, त्याच्यावर नजर धरून नेते.”